वाकड्या पावलांना हवी सबुरी

हाडांचा डॉक्टर म्हटला की अपघात, गुडघेदुखी, सांधेरोपण हेच डोळ्यांसमोर येते. पण या शाखेचे नाव मुळात लहान मुलांवरून पडले आहे. फ्रान्समधील वैद्य निकोला आंद्री यांनी १७४१ मध्ये दोन ग्रीक शब्द जोडून ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द घडवला. त्यातला पहिला शब्द म्हणजे ‘सरळ’ आणि दुसरा म्हणजे ‘मूल’. मुलांच्या शरीरातील व्यंग कसे टाळावे आणि कसे सुधारावे, हे आईवडिलांना सांगण्यासाठी त्यांनी पुस्तक लिहिले. खुंटाला दोरीने बांधलेले वाकडे झाड हे त्या पुस्तकातील चित्र आजही जगभरातील अस्थिरोगतज्ज्ञांच्या संस्थांचे बोधचिन्ह आहे. शेतकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रोप कोवळे असेपर्यंतच वळते.

बाल अस्थिरोगतज्ज्ञ होण्यासाठी एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमएस करावे लागते आणि त्यावर मुलांच्या हाडांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. कारण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. मुलाच्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक थर असतो आणि हाडाची लांबी तिथून वाढते. त्या थराला इजा झाली तर आज जुळलेले हाड पुढे आखूड किंवा वाकडे होऊ शकते. दुसरीकडे, वाढते हाड लवकर भरून येते आणि काही वेळा थोडा वाक वयाबरोबर आपोआप निघून जातो. म्हणून कुठे शस्त्र चालवायचे यापेक्षा कुठे चालवायचे नाही, हे या डॉक्टरांना अधिक शिकावे लागते. तान्हेपणी तपासलेले मूल वाढ पूर्ण होईपर्यंत त्यांच्या नजरेखाली राहते.

महाराष्ट्रात या उपचाराची मोठी संस्था उभी राहिली ती एका आईच्या चिकाटीतून. फातेमा इस्माईल या मुंबईच्या सोभानी घराण्यातल्या. १९२१ मध्ये परळला ज्यांच्या गिरणीच्या आवारात विदेशी कापडाची होळी पेटली, ते उमर सोभानी त्यांचे बंधू. फातेमाबाईंच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिला घेऊन त्या मद्रासचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या आणि अनेक महिने तिथे उपचार घेतले. त्यानंतर त्यांनी पुणे गाठले. तिथे जखमी जवानांना व्यायामोपचार देऊन पुन्हा उभे केले जात होते.

आपल्या मुलीला मिळाले ते इतरांच्या मुलांनाही मिळावे, यासाठी त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत केंद्र सुरू केले. ख्यातनाम शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी त्यासाठी चौपाटीवरील आपली जागा दिली. या कामातूनच पुढे हाजी अली येथे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये फातेमाबाईंना पद्मश्री मिळाली.

भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. मात्र मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांचे काम संपले नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या तान्ह्या बाळांमध्ये जन्मतःच आत वळलेले पाऊल, म्हणजे ‘क्लबफूट’, असलेली बाळे बरीच असतात. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला हे व्यंग असते.

यावरचा आजचा उपचार डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांचा. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करणाऱ्या या डॉक्टरला पराभवानंतर देश सोडावा लागला. फ्रान्स आणि मेक्सिकोमार्गे १९४१ मध्ये ते अमेरिकेतील आयोवाला पोहोचले. पूर्वी शस्त्रक्रिया झालेली पावले त्यांनी तपासली, तेव्हा ती ताठर आणि दुखरी झालेली आढळली. त्यांनी कापण्याऐवजी हाताने हळूहळू वळवण्याचा मार्ग धरला. १९६३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, पण बहुतेक सर्जन पुढची तीन दशके शस्त्रक्रियाच करत राहिले. अखेर बऱ्या झालेल्या मुलांच्या पालकांनी एकमेकांना सांगून ही पद्धत जगभर नेली.

या उपचारात दर आठवड्याला डॉक्टर पाऊल थोडे वळवून प्लास्टर घालतात. पाच ते सात प्लास्टरांत आकार येतो. बहुतेक बाळांच्या टाचेमागील शीर एका छोट्या छेदाने मोकळी करावी लागते. इथे डॉक्टरांचा मुख्य वाटा संपतो आणि घरच्यांचा सुरू होतो. मध्ये पट्टी असलेले खास बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना घालायचे असतात. पाऊल पुन्हा वाकडे होण्याचे मुख्य कारण म्हणजे हे बूट मध्येच सोडणे. बाळ रडते, पाऊल तर सरळ दिसते, मग कशाला त्रास, असे घरातलेच कुणीतरी म्हणते आणि केलेले सारे वाया जाते.

मुकुटबनसारख्या गावात ही सबुरी महाग पडते. दर आठवड्याला यवतमाळ, चंद्रपूर किंवा नागपूर गाठायचे, तर कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते. झरी जामणीतल्या कोलाम पोडावरून निघणाऱ्या आईला तर आधी बसथांबाच गाठावा लागतो. त्यात ग्रहणात विळी हातात घेतल्याचा दोष तिच्याच माथी येतो. हा समज मोहल्ल्यातही आहे आणि आळीतही. ग्रहणाचा आणि पावलाचा काहीही संबंध नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत क्लबफूट आहे आणि पुढचे उपचार मोफत आहेत. मात्र पथकाची वाट पाहत बसू नये. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू झालेले चांगले. पाऊल आत वळलेले दिसताच आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे.

रमजानमध्ये ‘सब्र’ हा अरबी शब्द सतत कानी पडतो. मराठीत तोच ‘सबुरी’ झाला आणि शिर्डीमुळे घराघरात पोहोचला. बाळाच्या पावलाला हीच सबुरी हवी असते, पण ती उपचार सुरू झाल्यानंतरची. उपचार सुरू करायला मात्र एक आठवडाही थांबू नये.