बद्धकोष्ठ : अंगावर काढू नका



उसाच्या पाण्याची पाळी चुकली तर आपण हळहळतो. परसाकडची वेळ मात्र खुशाल चुकवतो. चितेगाव शिवारात रात्री पाणी धरायचे, पहाटे तोडीची घाई. बायाबापड्या अंधाराची वाट पाहतात. कळ दाबली की मोठे आतडे मळातले पाणी शोषीत राहते, मळ खडा होतो. कमी पाणी, भाजीविना जेवण, बैठे काम, लोहाच्या गोळ्या हीही कारणेच.

ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू खावा; पाणी भरपूर प्यावे; कळ येताच उठावे. रोज परस्पर जुलाब घेऊ नये.

मात्र रक्त पडले, वजन घटले, सवय अचानक बदलली, तर मूळव्याध समजून गप्प बसू नका. आतड्याचा कर्करोगही असू शकतो. घाटी रुग्णालयात तपासून घ्या. लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी.