कऱ्हेचे नाव आणि आंतरजालाचे संकेतनियम

बारामती ज्या नदीच्या काठी वसली आहे ती कऱ्हा पुढे नीरेस मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूर येथे भीमेस. यांपैकी नीरा आणि भीमा ही नावे संगणकाच्या कोणत्याही नियमातून सुखरूप पार पडतात. अडखळते ती कऱ्हा. तिच्या नावातील अर्धा र रफाराने दाखविता येत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल घळी. आचार्यास द्यावयाची दक्षिणा आचाऱ्यास देऊन चालत नाही. हा भेद अर्थाचा आहे, केवळ लेखनाच्या वळणाचा नव्हे. हिंदीस त्याची गरज भासत नाही.

सर्फ आणि कान यांनी १९७४ मध्ये मांडलेली संदेशवहनाची पद्धती १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेटवर सक्तीने लागू झाली. भारतात एर्नेट या शैक्षणिक जाळ्यावर ती प्रारंभी एका प्रतिस्पर्धी पद्धतीसह नांदत होती. १९९५ नंतर तीच उरली. टपालवाल्यास पत्रातील मजकुराशी कर्तव्य नसते, तसे या पद्धतीस भाषेशी नाही. भाषेचा प्रश्न उद्भवतो तो पत्त्यात. संगणकांच्या नावांत रोमन अक्षरे, अंक आणि संयोगरेषा एवढ्यांनाच मुभा होती.

२००३ मध्ये अन्य लिपींतील नावे रोमन अक्षरांच्या सांकेतिक मालिकेत बदलून पाठविण्याची युक्ती प्रमाण ठरली. मात्र डोळ्यांना न दिसणारी चिन्हे तीत गाळली जात. ‘ऱ्ह’ संगणकावर दोन प्रकारे उमटतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या नदीचे जोडचिन्ह वाटेत गळे आणि पलीकडे ‘कर्हा’ पोहोचे. दर्या आणि दऱ्या यांचा पत्ताही अशा वेळी एकच होई!

२०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतरचे जोडचिन्ह ग्राह्य मानले. पण त्यामुळे उलट अडचण उभी राहिली: वाचकास एकच दिसणारे ‘कऱ्हा’ यंत्राच्या लेखी दोन भिन्न नावे झाली, आणि तोतयेगिरीस वाव मिळाला. म्हणूनच अगदी वरच्या स्तरावरील नावांत जोडचिन्ह वर्ज्य ठेवले गेले. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे क्षेत्रनाम देवनागरीत खुले झाले, तरी मराठी लेखकाने कळफलकावर ‘ऱ’च वापरणे इष्ट, त्याची वाट २००३ च्या नियमांतही मोकळी होती.