दुरुस्तीनंतर थरथरणारे इंजिन

गाडी दुरुस्त होऊन घरी येते, देयक चुकते झालेले असते, आणि पहिल्याच सिग्नलला थांबल्यावर काहीतरी बिघडल्याचे ध्यानात येते. स्टिअरिंगवरील हातांना कंप जाणवतो, इंजिनाच्या फेऱ्या दाखविणारा काटा वरखाली होतो, मधूनच एखादा झटका बसतो. गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग मारू' लागते. काहीजण 'चालवता चालवता बसेल जागेवर' म्हणून दुर्लक्ष करतात. काहीजण घाबरून प्लग, कॉइल, इंजेक्टर असे एकामागून एक सुटे भाग बदलण्यास संमती देतात. पहिल्या वाटेने इंजिनाचे नुकसान होते, दुसऱ्या वाटेने खिशाचे.

रोजमेळ जुळत नसेल तर अनुभवी रोखपाल वर्षभराच्या वह्या उपसत नाही. काल मेळ बसला होता आणि आज बसत नाही, म्हणजे चूक आजच्याच नोंदींत असणार, हे तो जाणतो. इंजिनालाही हाच न्याय लागू पडतो. दुरुस्तीपूर्वी सुरळीत चालणारे इंजिन दुरुस्तीनंतर थरथरू लागले, तर प्रथम पाहावयाचे ते काय बदलले एवढेच नव्हे, तर वाटेत आले म्हणून काय काय सोडवावे लागले. ही दुसरी यादी देयकावर कधीच छापली जात नाही. पुष्कळ गाड्यांत प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी एअर फिल्टरची पेटी, तिची नळी आणि दोन-चार विजेची सॉकेटे काढावी लागतात. त्यांतील एखादे सॉकेट अर्धवट बसले किंवा बोटाएवढी रबरी नळी निसटून राहिली, की तेवढ्याने काम भागते.

हवेच्या गळतीचे गणित समजण्याजोगे आहे. पेट्रोलच्या १ भागाला, वजनाने, हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. निसटलेल्या नळीतून न मोजलेली हवा आत शिरली की हे मिश्रण पातळ होते. ऑइल भरण्याचे झाकण घट्ट न लावल्यासही अनेक इंजिनांत हेच घडते. गाडी उभी असताना इंजिन थोडीच हवा ओढते, म्हणून गळतीचा वाटा मोठा ठरतो व थरथर वाढते; वेग घेतल्यावर तोच वाटा नगण्य होऊन इंजिन शांत होते. ठिणगीचा दोष बहुधा उलट वागतो. चढावर, भार पडल्यावर तो अधिक जाणवतो. एवढा फरक मालकाने नीट पाहून सांगितला, तरी मेकॅनिकचा अर्धा शोध वाचतो.

चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये ४०० वेळा, म्हणजे एकूण १,६०० वेळा ज्वलन होते. एक सिलिंडर बंद पडला की दर चौथा ठोका रिकामा जातो. तो कोणता, हे स्कॅनर सांगतो : पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड पहिल्या ते चौथ्या सिलिंडरकडे बोट दाखवितात, तर पी ०३०० म्हणजे दोष एकाच ठिकाणी स्थिर नाही. समजा दुसऱ्याचा कोड आला. त्याची कॉइल पहिल्यावर लावून पाहावी. कोड पहिल्याकडे सरकला तर कॉइल सदोष. दुसऱ्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासावे. या अदलाबदलीला एक रुपयाचाही सुटा भाग लागत नाही. हातातून पडलेल्या नव्या प्लगची चिनीमाती तडकू शकते, आणि इंजिन धुताना प्लगच्या खळग्यात साचलेले पाणीही ठिणगी पळवून नेते. सर्व्हिसिंगमध्ये इंजिनावर पाण्याचा फवारा मारण्याची हौस अनाठायीच म्हणावी लागेल.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत एक सोय आयतीच असते. दोन्ही इंधनांवर मिसिंग असेल तर ठिणगी, हवा वा कॉम्प्रेशन संशयित. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर. फक्त गॅसवर असेल तर गॅसची यंत्रणा, किंवा दुर्बल प्लग. कारण गॅस पेटविण्यास अधिक दाबाची वीज लागते.

बॅटरी काढून जोडली अथवा थ्रॉटल बॉडी साफ केली, तर संगणकाने शिकून ठेवलेली मापे पुसली जातात किंवा चुकीची ठरतात. असा अस्थिरपणा थोड्या प्रवासानंतर जातो. काही गाड्यांत स्कॅनरने मापे नव्याने शिकवावी लागतात. टायमिंग बेल्टचे काम झाले असेल तर मात्र वाट पाहू नये. पट्टा एका दात्याने जरी चुकीचा बसला तरी झडपांची वेळ चुकते, आणि चूक मोठी असल्यास काही इंजिनांत झडपा पिस्टनवर आदळतात. काटा स्थिर, आवाज एकसारखा, पण आसने थरथरतात, अशी स्थिती असेल तर ज्वलनाऐवजी इंजिनाचे माउंटिंग तपासावे.

इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागल्यास प्रवास थांबवावा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतील जाळी वितळते. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारखे धातू त्यात असल्याने तो बदलण्याचा खर्च मूळ दुरुस्तीच्या कितीतरी पट होऊ शकतो.

गॅरेजमध्ये परत जाताना कोड पुसण्यापूर्वी ते लिहून घ्यावेत. दिवा विझविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. पी ०१७१, म्हणजे पातळ मिश्रण, हा कोड केवळ परिणाम सांगतो. तेवढ्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलू देऊ नये. आधी नळ्या पाहाव्यात. गॅरेज दाद देत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र तेथे कागद बोलतो. म्हणून जॉब कार्डवर 'गाडी बरोबर नाही' एवढेच न लिहिता दुरुस्तीची तारीख, किलोमीटर, इंजिन थंड असताना की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, हे सारे लिहवून त्याची प्रत घ्यावी.