नाताळच्या सणांतील बालभक्षक

नाताळ हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला. मुळांत त्याचा अर्थ 'जन्मासंबंधीं' असा आहे. ख्रिस्तजन्माचा हा उत्सव म्हटला म्हणजे दिवे, गोडधोड आणि मुलांना मिळणाऱ्या भेटी एवढेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु युरोपांतील लोककथा चाळूं लागलें म्हणजे या चित्राच्या मागें निराळीच एक आकृति दिसूं लागते. ती मुलांना पोत्यांत भरते, शिजविते आणि गिळून टाकते. जन्माच्या उत्सवांत भक्षणाची कथा कां शिरली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आरंभींच दोन गोष्टी स्पष्ट करणें अवश्य आहे. एक अशी कीं, या कथांना ख्रिस्ती धर्मग्रंथाचा आधार नाहीं. त्या लोकांच्या तोंडीं वाढलेल्या आहेत. दुसरी अशी कीं, हा उत्सव म्हणजे एकच दिवस असें समजूं नये. लोकाचारांत त्याचा काळ ६ डिसेंबरच्या संत निकोलसाच्या सणापासून ६ जानेवारीच्या, म्हणजे गोव्यांत ज्यास तीन राजांचें फेस्त म्हणतात त्या सणापर्यंत पसरलेला आहे. या काळाच्या दोन्ही टोंकांस व मध्यभागीं असे भयंकर पुरुष व स्त्रिया उभ्या आहेत. प्रथम टोंकें पाहूं व मग मध्याकडे येऊं.

पहिली कथा फ्रान्सच्या ईशान्येकडील लोरेन प्रांतांत विशेष प्रिय आहे. तीन मुलें रात्रीं एका खाटकाच्या घरीं आश्रय मागतात. तो त्यांना मारून त्यांचे तुकडे करतो व मांस खारविण्याच्या पिंपांत भरून ठेवितो. सात वर्षांनीं संत निकोलस तेथें येतो व नेमकें तेंच मांस जेवावयास मागतो. खाटकाचें पाप उघडें पडतें आणि मुलें झोंपेंतून उठल्यासारखीं पिंपांतून बाहेर येतात. हाच खाटीक पुढें संताच्या मागोमाग छडी घेऊन हिंडूं लागला, असें त्या प्रांतांत सांगतात. या कथेचें जुनें रूप मात्र निराळें आहे. बाराव्या शतकाच्या सुमाराच्या लॅटिन नाटकांत तीन मुलें नसून तीन विद्यार्थी आहेत, आणि त्यांचा यजमान पैशाच्या लोभानें त्यांचा घात करतो. पुढें विद्यार्थ्यांचीं मुलें झालीं, यजमानाचा खाटीक झाला आणि पैशाच्या जागीं मांस आलें. गेरार्ड डाव्हिड या फ्लेमिश चित्रकारानें पिंपांत उभीं असलेलीं हीं मुलें व त्यांना आशीर्वाद देणारा संत असा प्रसंग सोळाव्या शतकाच्या आरंभीं रंगविला. तें चित्र आज एडिंबरो येथील राष्ट्रीय संग्रहांत आहे. ज्या घरीं हिंवाळ्याकरितां मांस खारवून ठेवीत, त्या घरांतील मुलाला पिंप ही परिचयाची वस्तु होती. कथेनें भीति तेथेंच नेऊन ठेविली.

दुसऱ्या टोंकास आल्प्स पर्वताच्या प्रदेशांतील पेर्ख्ता ही स्त्री आहे. याकोब ग्रिम यानें १८३५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जर्मन पुराणकथांवरील ग्रंथांत तिच्याविषयींच्या समजुती एकत्र केल्या आहेत. तिच्या रात्रीं अमुकच अन्न, म्हणजे मासे व भरड धान्याची पेज यांसारखें साधें अन्न, खावें असा नियम होता. जो तो मोडी, त्याचें पोट ती चिरी, आंतील अन्न काढून घेई, तेथें कापलेलें गवत भरी आणि नांगराच्या फाळाची सुई व लोखंडी सांखळीचा दोरा करून तें पुनः शिवून टाकी. येथें भक्षणाचा क्रम उलटा झाला आहे. ती माणसास गिळीत नाहीं, माणसानें गिळलेलें परत घेते. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. चातींवरील सूत अपुरें राहिलें तर तें ती नासून टाकी. अन्नाचा नियम व वर्षाचें काम या दोहोंचा हिशेब घेणारी ही देवता आहे.

आतां मध्यभागीं, म्हणजे आइसलंड बेटाकडे वळूं. तेथील मुख्य बालभक्षक ग्रीला नांवाची राक्षसीण होय. स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) याच्या 'एड्डा' ग्रंथास जोडलेली राक्षसिणींची जी नामावली आहे, तींत हें नांव येतें. आपल्या अमरकोशाप्रमाणेंच ही पद्यमय यादी आहे. नॉर्वेचा राजा स्वेरिर याच्या चरित्राच्या आरंभींच्या भागासही 'ग्रीला' असें नांव दिलेलें आढळतें. यावरून भयसूचक शब्द म्हणून तो त्या काळीं रूढ होता हें उघड आहे. परंतु तेथें नाताळाचा संबंध नाहीं. तो सतराव्या शतकांतील कवितांपासून दृढ झाला. द्वाड मुलें पोत्यांत घालून गुहेंत नेणारी व तेथें त्यांना शिजवून खाणारी माता असें तिचें रूप ठरलें, आणि नाताळांत डोंगरांतून उतरणारे 'योलास्वेइनार' हे तिचे पुत्र ठरले.

या पुत्रांचीं जीं तेरा नांवें योन आर्नासन याच्या १८६२–६४ मध्यें छापलेल्या लोककथासंग्रहामुळें प्रसिद्ध झालीं, तीं वाचतांना आम्हांस हंसूं आलें आणि मागाहून वाईट वाटलें. एक चमचा चाटणारा, एक भांडें खरवडणारा, एक वाडगा चाटणारा, एक आंकड्यानें मांस ओढणारा. आणि शेवटचा मेणबत्त्या मागणारा, कारण त्या मेणबत्त्या चरबीच्या असत व चरबी खातां येत असे. ही राक्षसांची नामावली नसून भुकेची नामावली आहे. ज्या देशांत डिसेंबरच्या अखेरीस दक्षिण भागांतही दिवस अवघा चार तासांच्या सुमारास असतो, आणि ज्या देशानें १७८३ च्या लाकी ज्वालामुखीनंतरच्या दुष्काळांत आपल्या लोकसंख्येचा सुमारें पांचवा हिस्सा गमावला, तेथें खाणाऱ्या तोंडाचें भय काल्पनिक नव्हतें.

याच संग्रहांत आणखी एक प्राणी आहे, तो म्हणजे नाताळचें मांजर. नाताळापूर्वीं ज्याला नवें वस्त्र मिळालें नाहीं, त्याला हें मांजर खातें. निदान त्याच्या वांट्याचें अन्न तरी खाऊन टाकतें. याचा उलगडा असा करतात: हिंवाळ्याच्या आरंभीं घरोघर लोंकर पिंजणें, कातणें व विणणें चाले, आणि तें काम नाताळापूर्वीं संपावें असा धन्याचा आग्रह असे. काम करणाऱ्यास वस्त्र मिळे; आळशास मांजर. पेर्ख्तेच्या चातीशीं हें किती जुळतें हें वाचकांच्या ध्यानीं येईलच. दोघांचें एकमेकांकडून उसनें आणणें झालें असें म्हणण्यास पुरावा नाहीं. सारख्या जीवनक्रमांतून सारखी कथा निघाली एवढें म्हणतां येईल.

मात्र या उलगड्यांत एक शल्य आहे. लहान मूल स्वतः कातीत नाहीं, विणीत नाहीं. त्याला नवें वस्त्र न मिळण्याचें कारण आळस नसून घरची गरिबी असते. म्हणजे हें मांजर अपराध्याला खात नाहीं, दरिद्र्याला खातें. आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें शाळेंत घालविलीं. दिवाळीची सुटी संपून वर्ग भरला म्हणजे नव्या सदऱ्यांच्या रांगेंत एखादा मुलगा जुन्याच सदऱ्यांत, शेवटच्या बांकावर, खालीं मान घालून बसलेला दिसे. अशाच एका मुलास 'बागुलबुवाच्या स्वाधीन करीन' असें आम्हीं थट्टेनें म्हटलें होतें. वर्ग हंसला, तो हंसला नाहीं. नाताळच्या मांजराची हकीकत वाचतांना तो मुलगा आमच्या डोळ्यांपुढें आला.

मुलांना अशी भीति दाखवावी कीं काय, हा प्रश्न त्या देशांतही निघाला होता. १७४६ मध्यें आइसलंडवर राज्य करणाऱ्या डॅनिश राजाच्या गृहशिस्तीविषयींच्या आज्ञापत्रानें, योलास्वेइनार किंवा भुतें यांचा धाक मुलांना घालूं नये, असा निर्बंध केला. राजाज्ञेनें कथा मेली नाहीं. पण ती हळुहळू पालटली. योहानेस उर कोट्लुम या कवीनें १९३२ मध्यें मुलांकरितां नाताळच्या कवितांचें पुस्तक काढलें. त्यांत मांजर आहे, त्याचे दांतही आहेत. परंतु कवितेचा शेवट, कोणी मूल अजून उघडें राहिलें असेल तर त्याला कांहीं द्यावें, या सूचनेकडे वळतो. भक्षकाच्या तोंडांतून मूल सोडविण्याचा उपाय म्हणजे शेजाऱ्यानें दिलेलें एक वस्त्र. योलास्वेइनारही आतां मुलांच्या जोड्यांत भेटी ठेवितात, आणि २०१८ पासून रेक्याविकच्या चौकांत दिव्यांनीं मढविलेलें प्रचंड मांजर नाताळांत उभें करतात. मुलें त्याच्या पायांशीं खेळतात.

संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास येथें हारीतीची आठवण होणें स्वाभाविक आहे. ही यक्षिणी राजगृहांतील मुलें खात असे. बुद्धानें तिचें सर्वांत धाकटें मूल लपविलें, तेव्हां तिला पुत्रवियोग कळला. आणि तिच्या अन्नाची सोय भिक्षुसंघानें पत्करल्यावर ती मुलांची रक्षक झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत ती पांचिकासह, मांडीवर मूल घेऊन, बसलेली आहे. आइसलंडच्या कथेचा हिच्याशीं वंशसंबंध जोडण्याचें साहस आम्ही करीत नाहीं. परंतु दोन्ही ठिकाणीं एकच गोष्ट लोकांना उमगली, असें म्हणावेंसें वाटतें. भक्षकाला तरवारीनें मारून ही कथा संपत नाहीं. भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र मिळालें म्हणजे ती संपते.

तेव्हां नाताळच्या सणांत भक्षक कां, याचें उत्तर आमच्या मतें असें आहे: सण हा भरल्या घराचा असतो, आणि भरल्या घरासच रिकाम्या घराची आठवण भितीच्या रूपानें येते. ती आठवण धाक म्हणून मुलांना सांगावी, कीं कर्तव्य म्हणून वडिलांनीं ऐकावी, हें मात्र ज्यानें त्यानें ठरवावयाचें आहे. आम्हांपुरतें म्हणाल तर, बागुलबुवाचें नांव आम्हीं वर्गांत पुनः घेतलें नाहीं.