कागदाची भाषा आणि शब्दाची पत

बँकेच्या परकीय चलन विभागात असतानाचा एक प्रसंग आजही स्मरतो. सांगलीकडील एका व्यापारी गृहस्थांनी परदेशी हळकुंडे धाडली होती. माल उत्तम होता. परंतु लेटर ऑफ क्रेडिटमध्ये ‘पॉलिश्ड टर्मरिक फिंगर्स’ असे लिहिलेले आणि बीजकात नुसते ‘टर्मरिक’. तेवढ्या तफावतीवरून तेथील बँकेने कागदपत्रे नाकारली व रक्कम अडकली. ते गृहस्थ घरी मारवाडी आणि पेठेत मराठी, कन्नड व हिंदी अस्खलित बोलत. ‘‘साहेब, चार भाषांत व्यापार केला, आणि पाचवीने अडवले!’’ असे ते खिन्नपणे म्हणाले.

जगाच्या व्यापारात काही भाषाच पुढे का जातात? व्याकरणाच्या सौष्ठवामुळे नव्हे, की बोलणाऱ्यांच्या संख्येमुळेही नव्हे. मातृभाषा म्हणून इंग्रजीपेक्षा मँडरिन चिनी बोलणारे कितीतरी अधिक आहेत. भाषा जाते ती पत, जहाजे आणि करारनामे यांच्या मागोमाग.

एके काळी युरोपातील सावकारी इटालियन शहरांच्या हाती होती. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिस येथे द्विनोंदी पद्धतीचे विवेचन छापले, ते विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर व्यापाऱ्यांना उमगेल अशा इटालियनमध्ये. ‘बँक’ हा शब्दही सराफाच्या बाकाच्या इटालियन नावावरून आला. पुढे पोर्तुगीज जहाजे आपल्या किनाऱ्यास लागली आणि ‘पगार’ व ‘लिलाव’ हे शब्द मराठीत कायमचे राहिले. त्यानंतर ब्रिटिशांची जहाजे, लंडनचा विमा व पौंड, आणि १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेनंतर अमेरिकेचा डॉलर यांनी इंग्रजीला आजचे स्थान मिळवून दिले. सत्ता व पत सरली की भाषेचे स्थानही सरते, हे इतिहास सांगतो.

तथापि कागदाची भाषा म्हणजे व्यापाराची संपूर्ण भाषा नव्हे. बेल्जियममधील अँटवर्पच्या हिरेबाजारात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पालनपूरच्या जैन कुटुंबांनी जम बसविला आणि यिद्दिशच्या जोडीने तेथे गुजराती कानी पडू लागली. सौदा ठरला की ज्यू असो वा जैन, दोघेही हात मिळवून ‘मझल’ हा हिब्रू शब्द उच्चारतात. तो उच्चारल्यावर माघार नाही. आपल्या पूर्वजांच्या हुंडीमागेही दिलेल्या शब्दाचीच पत होती.

हळकुंडांचे पैसे अखेर मिळाले. खरेदीदाराने अनेक वर्षांचे संबंध स्मरून ती तफावत मान्य केली. मात्र पुढील हंगामात ते गृहस्थ बँकेत आले, तेव्हा त्यांची कन्या सोबत होती. तिने प्रत्येक अट स्वतः वाचली आणि वडिलांना मारवाडीत समजावून सांगितली. आपल्या घरांतूनही हेच व्हावे. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ समजेल एवढी इंग्रजी मुलांना यावी. आणि दिलेल्या शब्दाचे मोल त्यांना घरच्या भाषेत कळावे.