डिमर आधी की दिवा?

फ्लॅटचं काम निघालं की पीओपीच्या छतात किती दिवे बसणार हे ठरतं, त्यांचे वॅट ठरतात, पांढरा की पिवळा यावर घरात वाद होतो, आणि अगदी शेवटी, मॉड्युलर प्लेटमध्ये एक जागा उरली म्हणून, डिमर घेतला जातो. तो घेताना पाहिलं जातं ते एवढंच, की बाकीच्या स्विचांशी त्याचा रंग जुळतो का. मग तक्रारी सुरू होतात. दिवे लुकलुकतात, अर्ध्यावर आणले की एकदम विझतात, बोर्डातून गुणगुण ऐकू येते, बंद केल्यावरही एखादा दिवा अंधुक जळत राहतो. बोल लागतो डिमरला, नाहीतर वायरमनला. पण यातला बराचसा घोळ खरेदीच्या क्रमातच झालेला असतो. एलईडीसाठी डिमर ही एकटी निवडायची वस्तू उरलेली नाही. दिव्याचा ड्रायव्हर आणि भिंतीवरचा डिमर अशी जोडी पाहावी लागते, आणि त्या जोडीत पहिला मान ड्रायव्हरचा.

जुन्या पिवळ्या बल्बला कसलंच वावडं नव्हतं. आपल्याकडची वीज 230 व्होल्टची आणि सेकंदाला 50 आवर्तनांची असते. म्हणजे दाब सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि पुन्हा चढतो. डिमर या प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा छाटतो, एवढंच त्याचं काम. अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी 1959मध्ये असा घरगुती डिमर बनवला आणि 1961मध्ये ल्युट्रॉन कंपनी काढली. समोर बल्बची तापलेली तार असायची. मधल्या खंडांत ती निवायची नाही, त्यामुळे डोळ्यांना फक्त मंद उजेड दिसायचा. एलईडीची चिप मात्र थेट या विजेवर चालत नाही. तिला एकदिश प्रवाह लागतो आणि तो ड्रायव्हर पुरवतो. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होत असतं म्हणून चांगला ड्रायव्हर बाहेर दाब पडला तरी चिपचा प्रवाह ढळू देत नाही. नेमका हाच गुण डिमरच्या आड येतो. आपण लाट छाटून उजेड कमी करायला सांगतो, ड्रायव्हरला वाटतं व्होल्टेज पडलं, आणि तो जास्त ओढून उजेड जागेवर ठेवायला धडपडतो. जमेनासं झालं की लुकलुकतो किंवा बंद पडतो. म्हणजे चांगल्या कंपनीचा साधा दिवा डिमरवर नीट चालला नाही, तर तो खराब आहे असं नव्हे. त्याला मंद व्हायला शिकवलेलंच नाही. ते शिकवलेल्या दिव्याच्या खोक्यावर ‘डिमेबल’ असं स्पष्ट छापलेलं असतं. नसेल तर तो डिमरवर लावायचा नाही.

दिवा ठरला की डिमर. लाटेचा पुढचा भाग छाटणारा तो लीडिंग एज, मागचा छाटणारा तो ट्रेलिंग एज. पहिला प्रकार तारेच्या बल्बांसाठी रुळलेला. तो प्रत्येक अर्ध्या लाटेत वीज एकदम झटक्याने सोडतो, आणि ड्रायव्हरच्या कपॅसिटरला तो झटका सोसत नाही. गुणगुण बऱ्याचदा तिथूनच येते. दुसरा हळुवार, थोडा महाग, पण घरगुती एलईडीला सहसा तोच मानवतो. ‘सहसा’ म्हणण्याचं कारण असं की काही ड्रायव्हर लीडिंग एजसाठीच बनवलेले असतात, आणि ते त्यांच्या माहितीपत्रकातच कळतं. यापेक्षाही जास्त दुर्लक्षित राहतो तो भार. जुन्या धाटणीच्या डिमरला किमान 40 वॅटचा भार लागत असेल आणि खोलीत 7 वॅटचे पाचच दिवे असतील, तर 35 वॅटवर तो अडखळणारच. उलट बाजूने, डिमरवरचा 400 वॅटचा आकडा तारेच्या बल्बांचा असतो. एलईडीसाठी तोच डिमर बऱ्याचदा त्याच्या पाव हिश्श्याइतकाही भार झेपवू शकत नाही. पाकिटावर एलईडीचा आकडा वेगळा दिलेला नसेल, तर तो डिमर दुकानातच राहू द्यावा. (पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावण्याची हौस हा स्वतंत्र विषय आहे. तो पंख्याच्या मोटरसाठीच बनवलेला असतो.)

यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: लावून दाखवतो, चालतो की नाही बघा. पण काउंटरवर एक दिवा पूर्णापासून अर्ध्यापर्यंत आणून काहीच सिद्ध होत नाही. खोड बाहेर येते ती अगदी खालच्या टोकाला आणि त्या लाइनवरचे सगळे दिवे जोडल्यावर. शिवाय आपला डोळा फसवा आहे. मोजलेला उजेड 10 टक्क्यांवर आला तरी डोळ्यांना तो साधारण तिसरा हिस्सा वाटतो, आणि 30 टक्के तर अर्ध्याहून अधिक. त्यामुळे ज्या जोडीची मजल 30 टक्क्यांवरच संपते, तिचे पैसे निजायच्या खोलीत वाया गेले असं समजावं. ‘डिमिंग होतं का’ याऐवजी ‘किती टक्क्यांपर्यंत खाली जातं’ असं विचारावं.

दुसरा युक्तिवाद वीजबचतीचा. मंद केलेला एलईडी वीज कमी घेतो हे खरंच आहे, पण हिशेब करून पाहावा. 9 वॅटचे सहा दिवे रोज चार तास निम्म्या विजेवर चालवले, तर वर्षाला सुमारे 40 युनिटं वाचतात. युनिटला 10 रुपये धरले तरी 400 रुपये. डिमर आणि डिमेबल दिव्यांची जादा किंमत यातून निघायला काही वर्षं जातील. डिमर घ्यायचा तो डोळ्यांच्या सोयीसाठी, आणि म्हणून सगळ्या घरात नव्हे. टीव्हीची खोली, निजायची खोली, फार तर जेवणाचं टेबल. स्वयंपाकघरात ओट्यावरचा दिवा आणि छतातले दिवे वेगवेगळ्या बटणांवर घेतले की काम भागतं. रंगाचंही पाहावं लागतं. तारेचा बल्ब मंद होताना तांबूस व्हायचा, साधा एलईडी मात्र रंग बदलत नाही. 6500 केल्व्हिनचा पांढराशुभ्र दिवा खाली आणला की खोली राखाडी, आजारी दिसते. डिमरवर 2700 ते 3000 केल्व्हिनचा पिवळसर दिवाच शोभतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: स्मार्ट बल्ब असताना भिंतीवर डिमर हवाच कशाला? एक-दोन दिव्यांसाठी हे मान्य. बटण उघड-बंद केल्यावर तीन पायऱ्यांत मंद होणारे बल्बही मिळतात, त्यांना डिमर लागतच नाही. भाड्याच्या घरात तर हाच मार्ग शहाणपणाचा. मात्र स्मार्ट बल्बला पूर्ण, अखंड वीज हवी असते; त्याला डिमरच्या मागे लावणं ही चूक. आणि भिंतीवरचं बटण कुणी सवयीने बंद केलं की मोबाइलवरून त्याला जागं करता येत नाही. आजी-आजोबा आणि लहान मुलं असलेल्या घरात भिंतीवरची खुंटीच बरी.

घराचं काम अजून चालू असेल आणि छतात पुष्कळ दिवे असतील, तर लाट छाटण्याच्या भानगडीत न पडणारा पर्यायही आहे. ड्रायव्हरला पूर्ण वीज द्यायची आणि किती मंद व्हायचं ते दोन बारीक नियंत्रण-तारांनी कळवायचं. 0 ते 10 व्होल्टच्या किंवा डाली पद्धतीच्या ड्रायव्हरमध्ये हेच होतं. मात्र त्या दोन तारा बोर्डापासून ड्रायव्हरपर्यंत गेलेल्या असाव्या लागतात, आणि त्या ओढून घेण्याची वेळ पीओपी बंद होण्याआधीची.