पोचा काढण्याचे कसब

नागपूरहून उमरेडच्या कोळशाच्या खाणी मागे टाकून नागभीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भिवापूर हे तालुक्याचे गाव लागते. भौगोलिक मानांकन लाभलेल्या मिरचीमुळे त्याचे नाव दूरवर गेले असले, तरी हंगामात ट्रॅक्टरची ट्रॉली आणि पोत्यांनी लादलेला टेम्पो यांच्यामधून आपली मोटार सुखरूप बाहेर काढणे किती दुर्घट, हे तेथील मोटारवाल्यालाच ठाऊक. दारावर तळहाताएवढा पोचा पडतो, रंग मात्र शाबूत असतो, आणि एवढ्या मामुली नुकसानीपायी गाडी नागपूरच्या गॅरेजात अडकवून ठेवणे जिवावर येते. सबब अंगणातच इलाज करावा असे वाटू लागते. ते सर्वस्वी अविवेकी नाही, परंतु त्याची मर्यादा पत्र्याच्या स्वभावानेच मुकर्रर करून ठेवली आहे.

आजच्या मोटारीचा पोलादी पत्रा साधारणतः पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. धक्का बसला म्हणजे खळग्याच्या मध्यभागातील बराचसा पत्रा नुसता लवलेला असतो. कायमची वाकते ती सभोवतालची कड, आणि वाकताना ती अधिक कठीणही होत असल्यामुळे मधला भाग पूर्वस्थितीस येऊ पाहत असूनही तिच्या कैदेत राहतो. म्हणूनच जाणता डेंटर खळग्यावर आरंभीच हातोडी उगारीत नाही. दाराच्या आतले आच्छादन काढून तो पोलादाचा घडीव ठोकळा, धंद्यातली डॉली, खळग्याच्या पाठीशी दाबून धरतो, आणि बाहेरून उंचावलेल्या कडेवर, प्रहार म्हणण्यापेक्षा टिचक्याच म्हणाव्यात अशा ठोक्यांनी, तिचा ताण उतरवीत जातो. कड सैल होते तसतसा मध्य वर येतो. याउलट नवशिका हातोडी आणि ठोकळा यांच्यामध्ये पत्रा कुटून पातळ करतो. पातळ झालेला पत्रा पसरतो, पसरलेल्यास जागा अपुरी पडते, आणि बोटाने दाबताच डबकडबक वाजणारा फुगवटा जन्मास येतो, जो मूळच्या पोच्याहून दुःसाध्य असतो. ठोक्यांनी धातू कठीण होतो, हे तर तांब्याची भांडी मठारणाऱ्या तांबटांच्या नित्य व्यवहारातले ज्ञान; त्यांना जो गुण हवा असतो, तोच येथे अपाय करतो.

प्रकाशाचे साहाय्य हातोडीइतकेच मोलाचे. तिरप्या धरलेल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब रंगावर जेथे वाकडे दिसते तेथे काम शिल्लक आहे, असा खुशाल हिशेब करावा.

घरगुती उपायांत माझ्या मते सर्वांत भरवशाचा तो प्लॅस्टिकच्या बंपरचा. उकळते पाणी ओतले की प्लॅस्टिक नरम होते. मागून हाताने रेटावे, जाड हातमोजे घालायला विसरू नये, आणि आकार जमताच गार पाणी ओतावे. पत्र्यासाठी मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप पुरतो, मात्र खळगा रुंद, उथळ आणि चुणीविरहित असेल तरच. केस वाळवण्याच्या यंत्राने पत्रा तापवून त्यावर एकाएकी सुका बर्फ टेकवण्याच्या युक्तीची कीर्ती तिच्या कर्तृत्वापेक्षा मोठी आहे. ऊन मात्र खरेच उपयोगी: तापलेला रंग लवचीक राहतो, सहसा तडकत नाही, आणि वैदर्भीय उन्हाळा ही उष्णता फुकट पुरवतो.

जुन्या अँबॅसडरचा, जिचे उत्पादन २०१४ साली थांबले, जाड पत्रा पुष्कळ ठोकाठोक सोसत असे. १९८३ मध्ये मारुती ८०० अवतरली, आणि हलक्या पत्र्याच्या गाड्यांनी रस्ते व्यापल्यावर हाताला अधिक संयम शिकावा लागला.

तीक्ष्ण चुणी पडली असेल, पोचा दाराच्या धारेवर असेल, किंवा लोहचुंबक चिकटत नाही असा ॲल्युमिनियमचा पत्रा असेल, तर हत्यारे खाली ठेवून निमूटपणे कारागिराचे घर गाठावे. पोलादी गाडीवर चुंबक एखाद्याच ठिकाणी घसरत असेल, तर तेथे पूर्वी कोणी पोचा न काढता पुट्टी थापून रंग मारला आहे असे समजावे. जुनी गाडी घेताना भाव पाडायला एवढा पुरावा पुरतो. आणि रंग उडून पोलाद उघडे पडलेच असेल, तर मृगाच्या आत प्राइमरचा हात द्यावा. गंज पावसाळ्यात रंगाखालून पसरत जातो.